म्या केलं, मी गेले

माझी लेक स्टेजवर उभी राहून माझ्यासारखं बोलते, हे मला धाकट्या जावेनं दाखवलं. मी अंगणात शेंगा फोडत बसले होते. जाऊ मोबाइल हातात धरून आतून आली आणि माझ्यापुढं उकिडवी बसली.

"आक्का, बगा की हो. आपली पोरगी लागली मोबाइलात. आन् बोलायली कशी? निस्तं तुमच्यावानी!"

मी हात पदराला पुसून बघितलं. लेक कळंबच्या एका कॉलेजात तासावर मराठी शिकवते. कविता करते हे आम्हाला माहीत होतं, पण एकही ऐकली नव्हती. मोबाइलात ती मोठ्या हॉलमध्ये माइकपुढं उभी होती. कपाळाला रुपयाएवढं कुंकू होतं. असं कुंकू तिनं घरी कधी लावलेलं नाही. मीही लावत नाही, मी टिकली लावते.

आधी ती शुद्ध भाषेत बोलली. म्हणाली, मी पाचवीत होस्टेलवर गेले तेव्हा माझ्या तोंडात 'म्या' होता. मुली मला म्याव म्हणायच्या, मांजर आली म्हणायच्या. मी तो शब्द गिळला. आज तोच शब्द घेऊन मी तुमच्यासमोर उभी आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग तिनं पदर खोचला, आवाज जाड केला आणि कविता म्हटली.

म्या जाते रानामंदी, म्या येते रानातून,
म्या धन्याच्या लाथा खाते, म्या मरते कन्हून कन्हून.
आता म्या बोलनार हाय, आता म्या पेटनार हाय,
तुमच्या शुद्ध भाषेच्या भितीवर म्या भाकर थापनार हाय.

पुढंही बरंच होतं. मागं कुणी शिट्ट्या मारत होतं. जाऊ मोबाइलकडं बघत म्हणाली, "भितीवर भाकर कोण थापतंय हो आक्का? भितीवर गवऱ्या थापत्यात."

मी म्हटलं, "कवितेत चालत आसंल."

"आन् भावजींनी कवा लाथा घातल्या तुमाला?"

मी शेंगा फोडायला घेतल्या. मला काही वाटलं नाही. आनंदही नाही आणि रागही नाही. एक गोष्ट मात्र कानात अडकली. आमच्याकडं 'म्या जाते' असं कुणी म्हणत नाही. म्या केलं म्हणतात, म्या दिलं, म्या सांगितलं. पण मी गेले, मी येते, मी मरते. तिथं म्या येत नाही. का येत नाही ते मला सांगता येणार नाही. जीभ तिकडं वळतच नाही. आणि लेकीच्या कवितेत सगळीकडं म्याच होता, भाजीत मीठ सांडल्यासारखा.

आमचे मालक लोहाऱ्याला शेअरची जीप चालवतात. ती कविता त्यांना जीपमध्येच कळली. संध्याकाळी चहा पिताना सांगायला लागले.

"एक म्हातारा म्हणला, काय डायवर, वयनीला लाथा घालताव म्हणं. दुसरा म्हणला, आवं ह्यांचा पाय तर ब्रेकवरनं निघत न्हाय, लाथ कवा घालत्याल! सगळी जीप हसायली."

"मग तुमी काय म्हणलाव?"

"काय म्हणनार? हसलो." थोड्या वेळानं बशी खाली ठेवून म्हणाले, "म्या कवा मारलं गं तुला?"

"कवाच न्हाय."

"मग लिवलं कशापायी तिनं?"

ते उठून जीप धुवायला गेले. त्यांचा 'म्या' बरोबर जागेवर होता. पण तो त्या दिवसापर्यंत मी कधी मोजूनमापून ऐकला नव्हता.

होस्टेलवर जायच्या आधी लेक आमच्यासारखंच बोलायची, किंबहुना आमच्यापेक्षा जास्त. तोंड बंद नसायचं. मी भाकरी करताना शेजारी बसून शाळेतलं सगळं सांगायची, आणि मला तव्याकडं बघायला सवड नसली की माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडं वळवायची. पाचवीला मालकांनी तिला कळंबला घातलं. इथली शाळा वाईट होती असं नाही, पण त्यांच्या मनात होतं.

पहिल्या दिवाळीला आली तेव्हा ती 'नाही' म्हणाली. न्हाय नाही, नाही. मालकांना फार आवडलं. जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवून लोकांना ऐकवायचे. मला ती लाडीगोडीनं शिकवायची. "आई, लई नको म्हणू ना, खूप म्हण." मी म्हणायचे. ती हसून टाळी द्यायची. तोवर ते खेळासारखंच होतं.

मग एकदा मी फोनवर विचारलं, "म्या धाडल्याले लाडू खाल्ले का गं?" तिकडं कुणीतरी लांब म्याव केलं. मांजराचा आवाज हुबेहूब काढला. बऱ्याच मुली हसल्या. फोन स्पीकरवर असावा. फोन बंद झाला. पुढच्या वेळी तिनं बाहेरून कुठून तरी फोन केला आणि हळू म्हणाली, "आई, 'मी पाठवलेले लाडू' म्हणत जा. सोपं आहे."

सोपं होतंच. मी चौथीपर्यंत शाळेत गेलेली आहे. चौथीच्या पुढची शाळा दुसऱ्या गावात होती, मग राहिलं. पण वाचायचं मी सोडलं नाही. जीपमध्ये कुणी पेपर विसरलं की मालक तो घरी आणतात, तो मी सगळा वाचते. जमिनीच्या नोटिसासुद्धा वाचते. लिहायला मी शाळेत शिकले, आणि शाळेत पुस्तकातलंच शिकवतात. त्यामुळं हे लिहितानाही माझा हात 'मी' लिहितो, 'नाही' लिहितो. न्हाय लिहायचं म्हटलं तर थांबून विचार करावा लागतो. तोंडाचं वेगळं आहे, हाताचं वेगळं आहे.

तर त्या फोननंतर मी लेकीशी हातानं लिहावं तसं बोलायला लागले. बरी आहेस का? जेवलीस का? हो. नाही. बरं. ठेवते. जे पुस्तकात बसायचं नाही ते सांगायचं राहून जायचं. एकदा भावाच्या घरी लग्नात मी झीट येऊन पडले. फोनवर सांगायला लागले तर झीट तोंडात आली आणि मी ती मागं ढकलली. चक्कर आठवेपर्यंत तिची घंटा झाली. पुढच्या आठवड्यात सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

अशी बरीच वर्षं गेली. होस्टेल संपलं, कॉलेज संपलं, नोकरी लागली. ती घरी यायची, जायची. भांडण कधी झालं नाही. आमच्यात भांडायला पुरेल एवढं बोलणंच होत नव्हतं.

म्हणून ती कविता ऐकल्यावर माझ्या मनात एकच आलं. तिला तो शब्द पुन्हा तोंडात घ्यावासा वाटतो आहे. चुकीच्या जागी का असेना. मग तिनं एकदा माझ्याशी तसं बोलावं. स्टेजवर नाही, फोनवर. एवढंच मला हवं होतं. कवितेचं चूक-बरोबर मला काय करायचं होतं? पण बोलायला दुसरी वाट सापडली नाही, म्हणून मी नेमकं तेच बोलून बसले.

तिचा फोन आला तेव्हा मी मनाचा धडा करून म्हटलं, "तुझी कविता आयकली म्या."

मी तशीच पुढं बोलले.

"चांगली हाय. पर आगं, म्या जाते आसं न्हाय म्हणत आपण. मी जाते म्हणतो. म्या केलं म्हणतो."

"माहीत आहे गं आई," ती म्हणाली. माहीत होतं की नव्हतं, कळलं नाही. "पण प्रत्येक ओळीत तोच शब्द आला की लय येते."

"लई काय येतंय?"

"लई नाही, लय. ताल. गाण्याला असतो तसा."

"बरं."

"आणि ऐकणाऱ्यांना तेवढं कळत नाही."

"बरं," मी म्हटलं. मग पुस्तकातलं विचारलं, "जेवलीस का?" ती हो म्हणाली. फोन ठेवताना माझ्या लक्षात आलं की मी तिच्याशी आमच्या बोलीत बोलले होते आणि तिनं शुद्ध भाषेत उत्तरं दिली होती. रागावून नाही. तिला वेगळं काही करायचं सुचलंच नसावं.

पुढं तिच्या कवितेचं कळंबला कौतुक झालं. तिथल्या कुणा मंडळींनी सत्कार ठेवला. जिच्या भाषेत कविता आहे त्या आईलाही स्टेजवर बोलवायचं ठरलं. त्याच सुमारास तिचं लग्नही ठरत होतं. मुलगा तिनंच बघितलेला, तिच्याच कॉलेजातला. तुळजापूरचे लोक. वडील कचेरीतून रिटायर झालेले, आई शाळेत शिकवून. ती मंडळी सत्काराला येणार होती आणि नंतर सगळ्यांनी मिळून एका हॉटेलात जेवायचं होतं. आमची आणि त्यांची भेट पहिल्यांदाच होणार होती.

त्या दिवसांत तिचे फोन वाढले.

"आई, स्टेजवर बिनधास्त बोल. तुझ्या भाषेत. लोकांना तेच ऐकायचं आहे."

"काय बोलू?"

"काहीही. 'म्या आडानी बाई' असं सुरू कर."

मला सांगावंसं वाटलं की तिथंही म्या येत नाही. आणि मी अडाणीही नाही.

"मी साडी पाठवते. नऊवारी आहे. तू नेसायचीस ना तशी?"

नऊवारी माझ्या सासूबाई नेसायच्या. मी लग्नात एकदा नेसले होते, ती चालताना सुटली होती. मी "बरं" म्हटलं.

दुसऱ्या फोनला ती थोडी अडखळत म्हणाली, "आणि आई, जेवताना मात्र जरा नीट बोलशील ना? काकू शाळेत होत्या, त्यांना सवय नाही. म्हणजे तसं काही नाही, पण पहिलीच भेट आहे."

"म्हणजे न्हाय म्हणायचं नाही."

"हो. तेवढंच."

जाऊ शेजारी बसून ऐकत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "म्हंजी आक्का, टेजवर येक तोंड आन् हाटेलात येक तोंड? मधी धुवायला पानी देत्याल का?"

मी हसले. जावेशी बोलताना हसू येतं.

सत्काराच्या दिवशी आम्ही पहाटेच निघालो. मालकांनी जीपला हार घातला होता, तो वाटेतच उडून गेला. नऊवारी जावेनं नेसवली आणि तिनं जागोजागी पिना लावल्या. बसलं की टोचायच्या. हॉल मोबाइलातल्यापेक्षा लहान होता. पुढं खुर्च्यांवर मास्तर, प्राध्यापक, त्यांच्या बायका. मागं कॉलेजची पोरं. तुळजापूरची मंडळी दुसऱ्या रांगेत होती. लेकीनं लांबूनच दाखवली. होणाऱ्या विहीणबाईंनी मला नमस्कार केला. मग त्यांची नजर मालकांवर गेली आणि जरा वेळ तिथंच थांबली. मालक अवघडून बाजूला सरकले. लाथांची ओळ त्यांच्याही लक्षात असणार.

लेकीनं कविता म्हटली. पोरांनी शिट्ट्या मारल्या. मी स्टेजवर खुर्चीत बसून बघत होते. समोर नाही बघितलं, तिच्याकडं बघितलं. म्याव करणाऱ्या मुलींची गोष्ट सांगताना तिचा आवाज फाटला. ते खोटं नव्हतं, हे मला कळलं. ती तिची गोष्ट खरी होती. मग आवाज जाड करून माझी गोष्ट सांगायला लागली, ती कुठल्या तरी तिसऱ्याच बाईची होती.

मला शाल दिली. नारळ दिला. सूत्रसंचालन करणारे सर माइक घेऊन आले.

"ज्या मातीतून हा आवाज उगवला ती माती आज आपल्यात बसली आहे," ते म्हणाले. "बोला माउली. तुमच्या भाषेत बोला."

मी उभी राहिले. मी काही ठरवून गेले नव्हते. लेक बाजूला उभी राहून माझ्याकडं बघत होती. तिला बघितलं की माझं तोंड आपोआप जसं होतं तसं झालं.

"सर्वांना नमस्कार," मी म्हणाले. "माझ्या मुलीचा आपण सत्कार केला, त्याबद्दल मी आपली आभारी आहे. मला जास्त बोलता येत नाही."

मागून एक पोरगं म्हणालं, "बातम्या लागल्या रे!" थोडे हसले. पुढच्या लोकांनी टाळ्या वाजवाव्यात की नाही अशा टाळ्या वाजवल्या.

सर माझ्याजवळ वाकले. माइक चालूच होता. "माउली, घाबरू नका. आम्ही तुमचेच आहोत. घरी मुलीशी जसं बोलता तसं बोला."

"मुलीशी मी असंच बोलते," मी म्हणाले.

मी टोमणा मारला नव्हता. त्यांनी विचारलं, मी खरं ते सांगितलं. सरांनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला सांगितलं. लेकीची मान खाली गेली होती. मी खुर्चीत बसले, कमरेतली पिन लागली.

हॉटेलातलं जेवण चांगलं झालं म्हणायचं. विहीणबाई माझ्या शेजारीच बसल्या. बाई मायाळू होत्या. माझ्या ताटात आधी वाढायला लावलं.

"खरं सांगते, ताई," त्या म्हणाल्या, "कविता ऐकून आम्ही जरा घाबरलोच होतो. वाटलं, कसं घर असेल, काय. आणि तुम्ही तर किती छान बोलता! शाळा कुठवर झाली?"

"चौथी."

"वाटत नाही हं, अजिबात वाटत नाही."

त्यांनी हे मनापासून म्हटलं. मी "आपला मोठेपणा" म्हटलं. हे वाक्य मी कुठं शिकले मला आठवत नाही. पलीकडं व्याही मालकांना जीपचं विचारत होते आणि मालक "हो, हो, डिझेल, डिझेल" एवढंच म्हणत होते. मग एकदम ते विहीणबाईंकडं वळले.

"ते लाथांचं कवितेत तसलं घालावं लागतंय म्हणं," ते म्हणाले. "म्या आजून कुतऱ्याला बी लाथ मारली न्हाय."

विहीणबाई तोंडाला पदर लावून हसल्या. व्याहीही हसले. मुलगा हसला. लग्न तिथंच पक्कं झालं, हे सगळ्यांना कळलं. लेक हसली नाही. तिनं भाताला हात लावला नाही, नुसती पापडाचे तुकडे करत राहिली.

परत येताना ती आमच्याबरोबर आली, सुट्टी होती म्हणून. जीपमध्ये मागं आम्ही दोघीच. येडशीच्या पुढं येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "तू मुद्दाम केलंस."

"नाही."

"व्हय, मुद्दाम केलंस!" ती एकदम ओरडली. "म्या काय सांगितल्तं तुला? म्या इतक्यांदा फोन केला, म्या साडी धाडली, म्या सगळ्यास्नी सांगून ठिवलं माझी आई बोलणार हाय म्हणून. आन् तू तिथं हुबी ऱ्हाऊन आसं बोललीस? माझी इज्जत काढलीस. लोकं काय म्हणत्याल, पोरगी सोंग करायली!"

मालकांनी जीप हळू केली. आरशातून मागं बघितलं आणि पुन्हा समोर बघितलं.

तिचा चेहरा लाल झाला होता. म्या प्रत्येक ठिकाणी बरोबर होता. एकही चुकला नव्हता. माझ्या कानानं तो मोजून घेतला. इतक्या वर्षांनी ती माझ्याशी आमच्यासारखं बोलत होती आणि मला वाटलं होतं की हे झालं की छातीत काहीतरी होईल. काही झालं नाही. हात अंगाखाली दबून बधिर होतो, मग दुसऱ्या हातानं तो उचलून बघतो, तसं मी ते बोलणं उचलून बघत होते.

"बोल की!" ती म्हणाली.

मी तोंड उघडलं. म्या मुद्दाम न्हाय केलं गं, असं म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "मी मुद्दाम नाही केलं."

"आसं नको बोलूस!"

"कसं?"

"आसं. मास्तरणीवानी. आपल्यावानी बोल."

मी पुन्हा प्रयत्न केला. जावेशी मी दिवसभर बोलते. मालकांशी बोलते. बाजारात भाव करते. तेव्हा काही शोधावं लागत नाही. पण लेकीच्या तोंडाकडं बघितलं की आधी 'नाही' येत होतं. मागं न्हाय होतं, ते पुढं येत नव्हतं.

"मला जमत नाही," मी म्हटलं.

ती माझ्याकडं बघत राहिली. तिला वाटलं मी अजून रुसले आहे. मग बघता बघता तिला कळलं असावं, कारण तिचा राग गेला आणि चेहरा लहान झाला. मालकांनी पुढून विचारलं, "च्या घ्यायचा का कुठं?" मी आरशात बघून नको अशी मान हलवली. त्यांनी जीप थांबवली नाही.

घरी पोचलो तेव्हा म्हशींची वेळ झाली होती. मी नऊवारी सोडली, पिना एका वाटीत काढून ठेवल्या आणि गोठ्यात गेले. थोरली म्हैस दिवसभर जावेच्या हाताला असल्यानं बिथरली होती, पाय झाडत होती.

"हुबी ऱ्हा की गं," मी म्हटलं. "म्या काय केलं तुला? आलेच की आता."

मागं कुणीतरी आल्याचं कळलं. लेक दाराला टेकून उभी होती. ती आत आली नाही आणि मी मागं वळले नाही. वळले असते तर पुन्हा तेच झालं असतं. मी म्हशीच्या कासेला पाणी मारलं.

"आज कोण जेवलं न्हाय हाटेलात," मी म्हशीला म्हणाले. "म्या बघितलं. पापडाचा भुगा केला निस्ता."

मी दुसरा सड धरला.

"भूक न्हवती," लेक मागून म्हणाली.

"भूक नसायला काय झालं गं," मी म्हशीला विचारलं, "येवडं लगीन ठरलं तर?"

"लगीन ठरलं म्हणून भूक लागती व्हय?"

"आमाला तर लागल्ती बया. आमी आमच्या लग्नात लपून लाडू खाल्ले."

ती हसली. हसण्याचा आवाज नाकातून आला, लहानपणी यायचा तसा. ती आत येऊन म्हशीच्या पलीकडं उभी राहिली. मला तिचे पाय दिसत होते. चांगल्या चपला घालून ती शेणात उभी होती.

"भाकर भितीवर कोण थापत न्हाय म्हणं," तिनं पलीकडून विचारलं. "काकी म्हणत होती. खरं का?"

"म्हशीला इचार," मी म्हटलं. "तिच्याच गवऱ्या आस्त्यात भितीवर."

ती पुन्हा हसली. म्हशीच्या पाठीवर तिचा हात होता, तेवढा दिसत होता. मला वाटलं आता विचारावं, त्या म्याव करणाऱ्या पोरी कोण होत्या, तू किती दिवस रडलीस, मला तेव्हा का सांगितलं नाहीस. म्हशीला विचारता आलं असतं. मी शब्द जुळवत होते.

तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला.

"हो काकू," ती म्हणाली. आवाज लगेच सरळ झाला. "हो, आत्ताच पोहोचलो. नाही, नाही, प्रवास छान झाला. आई? आई कामात आहे. हो, सांगते ना. त्यांनाही फार आवडलं."

बोलत बोलत ती गोठ्यातून बाहेर गेली, अंगण ओलांडून घरात गेली. मी दूध काढत राहिले. म्हैस आता शांत उभी होती. तिला पुढं काही सांगायचं उरलं नव्हतं, म्हणून मी गप्प बसून दूध काढलं.